जावयाची गाडी, मामांचा पाय

पहिली नोटीस माझ्या नावाने आली, कारण गाडी माझ्या नावावर होती. सोबत एक फोटो. फोटोत स्टेअरिंगवर माझे सासरे, तोंड उघडं, म्हणजे काहीतरी सांगत होते. शेजारी सासूबाई, मान खाली, डोळे मिटलेले. खाली इथल्या भाषेत लिहिलं होतं की ज्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वर जायचं नाही, तिथून ही गाडी अडुसष्टने गेली.

मी फोटो मामांपुढे ठेवला. सासऱ्यांना आम्ही मामाच म्हणतो. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, फोटो आधी लांब धरला, मग जवळ धरला.

"छान आलाय," ते म्हणाले. "आणि हिच्याकडे बघा. गाढ झोपलीय! माझ्या शेजारी बसली की हिला झोपच लागते. इतका विश्वास आहे, जावईबापू, माझ्या ड्रायव्हिंगवर."

मी कपाळाला हात लावला. जावयाला दहावा ग्रह म्हणतात. ज्याने कुणी म्हटलं असेल, त्याचा सासरा परदेशात त्याच्याकडे राहायला आलेला नसणार. आला असता तर त्याने अकरावाही मोजला असता.

मामांनी उभं आयुष्य काँक्रीटचा मिक्सर चालवला. पाठीवर भलामोठा ड्रम गरगर फिरवत जाणारा तो ट्रक. मिसरूड फुटायच्या आधी क्लीनर म्हणून चढले आणि निवृत्त होईपर्यंत उतरले नाहीत. त्या धंद्याचं एकच शास्त्र आहे: प्लँटवर ड्रममध्ये माल पडला की घड्याळ सुरू. दीड-दोन तासांत तो साइटवर ओतला नाही तर बसायला लागतो, म्हणजे घट्ट व्हायला लागतो. मग साइटचा इंजिनिअर तोंड वाकडं करून गाडी तशीच परत पाठवतो. भरलेला मिक्सर वळणावर जोरात घेतला तर आडवा होतो, म्हणून मामा वळणावर देवासारखे शांत आणि सरळ रस्त्यावर अंगात आल्यासारखे. लेन बदल, हॉर्न दे, लाइट मार, फटीतून काढ. वेळेला पोचायचं म्हणजे पोचायचं.

तरुणपणी एकदा नाही पोचले. पुलावर एक ट्रेलर बंद पडला, मामा मागे अडकले, आणि ड्रममध्ये माल दगड झाला. मालकाने सांगितलं, तूच काढ. मग छिन्नी-हातोडा घेऊन मामा त्या ड्रमच्या पोटात शिरले आणि तुकडा-तुकडा फोडत बसले. लोखंडी ड्रममध्ये घाव घातला की आवाज बाहेर जात नाही, डोक्यातच फिरतो. काम संपलं तेव्हा ट्रक वाचला होता, पण मामांचा एक कान गेला होता. तेव्हापासून मामांना बसून राहिलेला रस्ता सहन होत नाही. पुढे गाडी उभी दिसली की त्यांचा पाय आपोआप दाबला जातो, दुखऱ्या दाताकडे जीभ जावी तसा.

आणि गंमत अशी की इतक्या वर्षांत मामांच्या हातून कुणाला साधा ओरखडाही आला नाही. तोच तर सगळा घोटाळा आहे. एकदा जरी कुठे ठोकली असती, तर माणूस ऐकणारा झाला असता.

लेकीकडे तीन महिन्यांसाठी म्हणून दोघं आले. विमानतळावर सामान घ्यायच्या आधी मामांनी खिशातून परदेशात गाडी चालवायचा परवाना काढून मला दाखवला, जसा कुणी नातवाचा फोटो दाखवतो. "येतानाच काढून आणला," म्हणाले. "तुम्हाला त्रास नको."

त्रास नको म्हणून मी पहिल्याच रविवारी जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली आणि काड्यापेट्या मांडून त्यांना इथले नियम शिकवले. वस्तीत तीस. शाळेसमोर तीस. दवाखान्यासमोर चाळीस. हॉर्न म्हणजे शिवी, जीव जायची वेळ आली तरच वाजवायचा. पांढऱ्या पट्ट्यांवर माणूस दिसला की थांबायचं, तो मोबाइलवर बोलत उभा असला तरी थांबायचं. मामा मान डोलावत होते. मला वाटलं, उतरतंय डोक्यात. पालथ्या घड्यावर पाणी ओतणाऱ्यालाही पहिली काही मिनिटं असंच वाटत असणार.

पहिला हॉर्न त्यांनी आमच्या गल्लीच्या तोंडालाच वाजवला, कचऱ्याच्या गाडीला. समोरच्या घरातली म्हातारी गाऊनवर बाहेर आली, कुणाला काय झालं ते बघायला.

मग लाइटचा घोळ. एका अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून एकच जाईल एवढी जागा. समोरून एक गाडी. मामांनी लाइट मारला. आपल्याकडे त्याचा अर्थ, मी येतोय, तू थांब. इथे त्याचा अर्थ, या, आधी तुम्ही या. समोरच्या बाईंनी हात हलवून आभार मानले आणि निघाल्या. तो हात 'या' म्हणतोय असं समजून मामाही निघाले. दोघं मधोमध नाकाला नाक लावून उभे. बाई हसत होत्या, मामा धुमसत होते, आणि त्यांच्या शेजारी बसलेला मी खिडकीची काच खाली करून क्षमा मागत होतो.

"बाईला लाइटची भाषा कळत नाही," मामा म्हणाले.

"मामा, तिला तिची भाषा कळते."

"मग आधी 'या' म्हणायचं आणि वर तोंडावर यायचं, ही कुठली पद्धत?"

"'या' तुम्ही म्हणालात!"

पहिली नोटीस त्यानंतर आली. त्यावर मामांनी तोडगा काढला. रस्त्याकडेचे कॅमेरे कुठे कुठे आहेत ते त्यांनी पाठ केले. कॅमेरा दिसला की ब्रेक, मागे पडला की दाब. एवढंच करून थांबते तर मामा कसले? समोरून येणाऱ्यांनाही लाइट मारून सावध करायला लागले, म्हणजे समाजकार्य. मी सांगितलं, हाही इथे गुन्हा आहे. ते म्हणाले, "कुणाचं भलं करणं गुन्हा असेल तर मग बोलणंच खुंटलं."

दुसरी नोटीस आली ती हायवेवरची. तिथे दोन कमानी आहेत, एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर. पहिलीखालून कधी गेलात आणि दुसरीखालून कधी निघालात, यावरून यंत्र मधला सरासरी वेग काढतं. मामांनी दोन्ही कमानींखाली गाय चरते तशी गाडी नेली होती, आणि मधल्या रस्त्यावर तिचं रॉकेट केलं होतं. माझ्या बायकोने त्यांना हे समजावून सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"ही फसवणूक आहे," ते म्हणाले. "कॅमेऱ्यासमोर मी बरोबर होतो की नाही?"

"बाबा, रस्ता फक्त कॅमेऱ्यासमोर असतो का?"

"पण मग माणसाने हुशारी करायची कुठे?"

बायकोने गाडीची चावी उचलून पिठाच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. त्या दिवसापासून घरात एक पोळीसुद्धा तिच्या परवानगीशिवाय झाली नाही.

बरेच दिवस शांततेत गेले. मग माझी डोळ्यांची तपासणी आली. मी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात काम करतो आणि आमच्याकडे दरवर्षी ती करावी लागते. डोळ्यांत थेंब घालतात, मग काही तास सगळं धूसर. बायकोने मला दवाखान्यात सोडलं आणि ती न्यायलाही येणार होती, पण ऐनवेळी तिच्या कामावर कुणीतरी आलं नाही. ती एका दंतवैद्याकडे रिसेप्शनला असते, तिथे खुर्ची मोकळी ठेवता येत नाही. तिने गाडी घरी ठेवली, बापाच्या हातात चावी दिली आणि तीन वेळा वदवून घेतलं: हळू, हळू, हळू.

मी काळा चष्मा लावून मागच्या सीटवर बसलो. सासूबाई पुढे. मामांनी गाडी इतकी अलगद काढली की मला गहिवरून आलं. सुधारला माणूस, म्हटलं. काट्यावरचे आकडे मला दिसत नव्हते, पण पाठीला सगळं कळतं. पहिली काही वळणं गेली, मग हळूहळू पाठ सीटला चिकटायला लागली.

"मामा, किती आहे?"

"तुम्ही डोळ्यांना त्रास देऊ नका."

"मामा, पुढे शाळा आहे. सुटायची वेळ आहे."

"माहीत आहे. म्हणून तर सुटायच्या आधी काढतोय."

तेवढ्यात त्यांनी हॉर्न दिला. लांबलचक. पिवळा कोट घातलेली एक धूसर आकृती, तिच्यामागे रांगेत लहान लहान ठिपके, फुटपाथच्या कडेला. ठिपके दचकून मागे सरकले. आम्ही पुढे गेलो आणि लगेच मागून सायरन.

आता आपल्याकडे पोलिसाने थांबवलं की माणूस काय करतो? उतरतो. कागद घेऊन, हात जोडून, साहेबांकडे जातो. बसून राहिलं तर मस्ती वाटते. मामा उतरले. इथे नेमकं उलटं आहे. इथे उतरलात की पोलिसाला वाटतं, हा अंगावर येतोय.

"गाडीत बसा!" ती ओरडली. आवाजावरून तरुण बाई असावी.

मामांना शब्द कळला नाही आणि अर्धा ऐकूही आला नाही. ते हसत हसत तिच्या दिशेने चालले आणि परवाना काढायला त्यांनी हात कोटाच्या आत घातला.

ती पुन्हा ओरडली, या वेळी वेगळ्या आवाजात. मी दार उघडून मराठीत किंचाळलो, "मामा, हात बाहेर! हात बाहेर काढा, उभे राहा!" मला दोन धूसर माणसं दिसत होती, एक निळं आणि एक तपकिरी, आणि पुढच्या क्षणाला काय होणार ते मुळीच कळत नव्हतं. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. सासूबाई मात्र पुढे मान खाली घालूनच बसल्या होत्या.

मामांनी हात बाहेर काढले. रिकामे. ती जवळ आली, त्यांना गाडीला टेकून उभं केलं आणि मग अगदी शांतपणे, 'सर, सर' करत तिने सगळं लिहून घेतलं. तीसच्या जागी चौऱ्याहत्तर.

"जावईबापू, तिला म्हणावं, काहीतरी बघा ना मॅडम."

"मामा, ती बघतेच आहे. तिने बघितलं म्हणूनच आपण इथे आहोत."

परवाना गेला. गाडीही गेली, माझ्या डोळ्यांदेखत म्हणवत नाही, कारण डोळेच नव्हते, पण ती ओढून नेणाऱ्या साखळ्यांचा आवाज ऐकला. आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला. मामा म्हणाले, "ओरडली केवढ्याने. पण वागायला बरी होती." मी तेव्हा बोललो असतो तर सोयरीक तुटली असती.

गाडी महिनाभर पोलिसांच्या आवारात राहिली. मी बस बदलून बदलून कारखान्यात जायला लागलो. दंडाधिकाऱ्यांनी मामांना वर्षभर या देशात गाडी चालवायला बंदी केली आणि वर एक दिवसाचा वर्ग लावला, वेगाने जाणाऱ्यांसाठीचा. गाडी माझ्या नावावर होती, म्हणून वर्ग मलाही. दुभाषाही मीच. एका हाताने खायचं आणि दुसऱ्याने वाढायचं, तशातला प्रकार.

वर्ग ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत होता. निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं यंत्र, भिंतीवर हातभर लांब फळा. दहा-बारा गुन्हेगार. सासूबाईंना घरी एकटं बसायचं नव्हतं म्हणून त्याही आल्या आणि मागच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. शिकवणारे गृहस्थ टक्कल पडलेले, मोठ्या हाडापेराचे. मामा आधी हाताची घडी घालून छताकडे बघत होते. गृहस्थांनी सांगितलं की मी आगीच्या बंबावर ड्रायव्हर होतो, तेव्हा मामांनी घडी सोडली.

"विचारा, किती टनी?" मामा म्हणाले.

मी विचारलं. त्यांनी सांगितलं. मामा म्हणाले, "हं. माझी भरलेली याच्या दुप्पट असायची." आणि मग मात्र नीट ऐकायला लागले.

गृहस्थांनी प्रत्येकाला एकच विचारलं, त्या दिवशी घाई कसली होती? घरं विकणारी एक बाई म्हणाली, गिऱ्हाईक थांबलं होतं. एक प्लंबर म्हणाला, एका घरात पाणी गळत होतं. मग मामांची पाळी.

"घाई? घाई नव्हती," मामा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "माल बसतो ना."

हे भाषांतर करायला मला मिक्सर, ड्रम, छिन्नी, हातोडा आणि कान एवढं सगळं सांगावं लागलं. गृहस्थांनी मधे न बोलता ऐकलं. मग विचारलं, "आणि त्या दिवशी गाडीत काय माल होता?"

"बायको," मामा म्हणाले. "आणि जावई."

खोली हसली. मामाही हसले. "सांगा त्यांना, बायको काही दोन तासांत घट्ट होत नाही. ती तर आरामात झोपलेली असते."

मी ते सांगत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी झोपत नाही."

सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. पर्स दोन्ही हातांनी धरलेली. "जावईबापू, सांगा त्यांना. मी लग्न झाल्यापासून यांच्या गाडीत एकदाही झोपलेली नाही. डोळे मिटून बसते. दिसलं तर तोंडातून ओरडा निघतो, आणि मी ओरडले की हे म्हणतात, तुझ्या ओरडण्यानेच अपघात होईल. म्हणून मिटते. घर आलं की उघडते."

खोलीत कुणाला शब्द कळला नव्हता, पण हसणं थांबलं होतं. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. सासऱ्याविषयी असं परक्यांपुढे बोलावं की नाही, हा विचार मनात आला, आणि मी तो बाजूला सारला.

मामा खुर्चीत वळून बायकोकडे बघत राहिले. "अगं, मग सांगायचंस."

"सांगायचे. 'हळू, हळू' म्हणायचे. ज्या कानाने ऐकू येत नाही, त्याच बाजूला मी बसते. तुम्हाला काय कळणार?"

मामांनी हात उचलून तो कान चाचपला. मग गृहस्थ फळ्याकडे वळले आणि त्यांनी ब्रेक दाबल्यावर गाडी किती लांब जाते त्याचं चित्र काढायला घेतलं.  परत येताना बसमध्ये ते आधी खिडकीशी बसले, मग उठले, सासूबाईंना म्हणाले, "तू इकडे ये," आणि जागा बदलून चांगला कान त्यांच्याकडे केला.  

यावर कुणाला वाटेल, माणूस बदलला. सुंभ जळला तरी पीळ राहतोच. उरलेला मुक्काम त्यांनी बसच्या ड्रायव्हरच्या मागची सीट धरून काढला. "हा पिवळ्यालाच थांबतो!" घरी येऊन ते तावातावाने सांगायचे. "स्टॉपवर कुणी नाही, तरी थांबतो. थांबून दार उघडतो. वारा चढतो का?" पायी निघाले तर पांढऱ्या पट्ट्यांशी तमाशा. गाडी त्यांच्यासाठी थांबायची, मामा संशयाने बघायचे आणि हाताने, जा बाबा तू, असं करायचे. ड्रायव्हर हाताने, नाही, तुम्ही. मामा, नाही नाही, तू. मागे रांग लागायची. एकदा मी त्यांना दंडाला धरून ओढत पलीकडे नेलं.

महिन्याने मला गाडी परत मिळाली. विम्याची रक्कम वाढली ती अजून वाढलेलीच आहे. जायच्या दिवशी मामा विमानतळावर माझा हात धरून म्हणाले, "तुम्हाला फार त्रास झाला, जावईबापू." मी "छे छे" म्हणालो, आणि विमान उडाल्यावर गाडीत बसून चांगला अर्धा तास नुसता बसून राहिलो.

तिकडे गेल्यावर मामांनी आपली जुनी गाडी बाहेर काढली आणि सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे घेऊन गेले. सासूबाईंनी डोळे उघडे ठेवले. वाटेत एकदम म्हणाल्या, "हे धरण कधी झालं?"

"अगं, वीस वर्षं झाली. दर वर्षी इथूनच जातो आपण."

मग काय, ही टेकडी कुणाची, हा कारखाना कशाचा, समोरचा ट्रक बघा, डावीकडचा सायकलवाला बघा. मामांनी त्याच संध्याकाळी मला फोन लावला. "जावईबापू, डोकं उठवलं हिने. मिटत होती तेच बरं होतं. पन्नासवर गेलो की हिचं सुरू, आणि पन्नासच्या खाली आलो की मागच्यांचे हॉर्न सुरू. माणसाने जायचं कसं?"

"पन्नासने जा."

"मागचे शिव्या देतात हो!"

"द्या म्हणावं."

परवा माझ्या बायकोने आईला विचारलं, बाबा एकटे असताना कसे चालवतात गं? सासूबाई म्हणाल्या, "एकटे असताना काय करतात ते मला कसं कळणार? पण बाजारातून यायला आता त्यांना उशीर होतो, एवढं खरं."